खांबाआडची जागा

फाटकातून गाडी बाहेर काढताना तिने दोन्हीकडे पाहिलं होतं. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. लहानपणी रस्ता ओलांडायला शिकवतात अगदी तसं. गल्ली रिकामी होती. तिने स्टिअरिंग वळवलं, गाडी जेमतेम हातभर पुढे सरकली, आणि गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेच्या खांबामागून एक पिवळं हँडल बाहेर आलं. हँडलवर दोन मुठी, मुठींमागे भिंगरी.

भिंगरी समोरच्या घरातली, सात वर्षांची. एका जागी उभी राहत नाही म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. पायाने ढकलायच्या स्कूटरवरून ती रोज सकाळी गल्लीच्या दोन चकरा मारायची.

ब्रेक लागला. बंपर आणि स्कूटरचं पुढचं चाक यांच्यात वीतभर अंतर उरलं. भिंगरीला काहीच कळलं नाही. तिने हात हलवला, "गुड मॉर्निंग, काकू" म्हणाली आणि निघून गेली.

पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. तिने गाडी मागे घेतली, पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये लावली, आणि रक्ताचे नमुने ठेवायचा थंड डबा घेऊन बसथांब्याकडे चालायला लागली. घरोघरी जाऊन रक्त काढायचं आणि नमुने लॅबमध्ये पोचवायचे, हे तिचं काम. त्या सकाळी पहिल्याच घरातल्या आजोबा तिला म्हणाले, "पोरी, तिसऱ्यांदा माझं नाव विचारतेस. आधी तू खाली बस." ती बसली. पाणी पिऊन मग तिने सुई हातात घेतली.

त्या दिवसापासून ती बसने जायला लागली.

"गाडी दारात आणि तू डबा मांडीवर घेऊन बसमध्ये?" नवऱ्याने विचारलं.

"पार्किंग मिळत नाही रे."

"इतके दिवस मिळत होतं ते?"

"आता मिळत नाही."

नवऱ्याने मान हलवली आणि फोनमध्ये डोकं घातलं. फोनमध्ये काय चाललंय हे तिला न बघताही माहीत होतं. रविवारचा समाचार.

त्यांची गाडी म्हणजे बेडकी. हिरवी, गोल दिव्यांची, मोठ्या एसयूव्हीसारखी छाती पुढे काढणारी पण लांबीला बुटकी, म्हणून गल्लीत मावणारी. नाव लेकीने ठेवलं होतं. या मॉडेलच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता आणि त्या ग्रुपची एक रीत होती. वर्तमानपत्रात, मासिकात, कुठेही या गाडीचं परीक्षण छापून आलं की रविवारी ते ग्रुपवर टाकायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचा समाचार घ्यायचा. परीक्षणात लिहिलेलं असायचं, मागच्या सीटवर तिघं नीट बसत नाहीत. खाली उत्तर यायचं, आमची तिघं बसतात, भांडतात आणि झोपतातसुद्धा. परीक्षणात असायचं, चढावर इंजिन ओरडतं. उत्तर यायचं, चढावर माझी सासूही ओरडते, म्हणून काय तिला बदलायची? ज्याच्या उत्तराला सगळ्यात जास्त वाहवा मिळेल तो त्या रविवारचा मानकरी. त्याला पोस्टाने तळहाताएवढं गोल स्टिकर यायचं. ते चालकाच्या बाजूला, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावायचं, म्हणजे सिग्नलला दुसरा मालक भेटला तर ओळख पटते, दिवे उघडमीट करून रामराम घालता येतो.

तिच्या नवऱ्याकडे तीन स्टिकरं होती. एकाच्या वर एक, मुंग्यांचं वारूळ उभं राहावं तशी लावलेली. ग्रुपवर त्याला सगळे वकीलसाहेब म्हणायचे, कारण गाडीची बाजू त्याच्यासारखी कुणी मांडत नसे. खरं तर तो लिफ्ट तपासणारा. इमारतींतल्या लिफ्ट वर्षातून दोनदा तपासायच्या आणि चालू ठेवायच्या की नाही ते ठरवायचं, हे त्याचं काम होतं, आणि त्या कामात तो अतिशय कडक होता.

तिसरं स्टिकर कशाबद्दल मिळालं होतं ते तिला आता सारखं आठवत होतं. एका मासिकाच्या परीक्षक बाईंनी लिहिलं होतं: 'पुढची काच आणि दार यांच्यामधला, छत पेलणारा तिरपा खांब या गाडीत फारच जाड आहे. वळताना त्याच्याआड एखादं मूल अख्खं मावेल.' नवऱ्याने उत्तर दिलं होतं: 'बाईंना कळवा, आमच्या गाडीत एक जादा सोय आहे. तिला मान म्हणतात. कंपनी देत नाही, जन्मतःच मिळते. इकडून तिकडे हलवता येते.'

त्या रात्री जेवताना त्याने ते वाचून दाखवलं होतं. लेक हसली होती, सासरे गालात हसले होते. तीही हसली होती. आता मात्र ती बसमध्ये खिडकीशी बसून फोनवर तेच परीक्षण पुन्हा पुन्हा वाचायची. एखादं मूल अख्खं मावेल. खालची मालकांची उत्तरं वाचायची. पन्नास मालक म्हणत होते, आम्हाला कधी काही झालं नाही. मग झालं ते मलाच का? मीच वेंधळी का? डोळे तपासून घ्यावेत का? एकाने मध्येच लिहिलं होतं, मला एकदा सायकलवाला दिसला नव्हता. त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती आणि कुणीतरी विचारलं होतं, 'लायसन्स कितीला घेतलं?' त्या माणसाने पुन्हा काही लिहिलेलं दिसत नव्हतं.

तिने ग्रुपवर विचारायला म्हणून चार ओळी लिहिल्या, आणि पुसल्या. तिथे सगळे तिला वकीलसाहेबांची बायको म्हणून ओळखत होते.

बुधवारी संध्याकाळी भिंगरीची आई फाटकाशी आली. गल्लीतल्या तीन घरांनी मिळून एक सोय केली होती. दर शनिवारी सकाळी मुलांना पोहायच्या तलावावर एकाने न्यायचं आणि आणायचं, आळीपाळीने.

"या शनिवारी तुझी पाळी, लक्षात आहे ना?"

"हो. म्हणजे… आपण अदलाबदल केली तर चालेल का? तू या वेळी, मी पुढच्या."

"अगं, माझी गाडी गॅरेजमध्ये. आणि शेजारच्या जुळ्यांच्या घरी सगळे गावाला चाललेत. पोरांची परीक्षा आहे त्या दिवशी, पोहण्याची. भिंगरी तर कालपासून पोहायची टोपी घालून झोपतेय." मग तिने जरा थांबून विचारलं, "तू हल्ली बसने जातेस म्हणे. गाडीला काही झालंय का?"

"गाडीला काही नाही झालेलं," ती म्हणाली. हे खरंच होतं.

भिंगरी आईच्या मागून डोकावत होती. काकूकडे बघून ती हसली. तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. ही हसतेय ना, ती गेल्या आठवड्यात माझ्या बंपरपासून वीतभर होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "नऊ वाजता तयार राहा गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅबमधून लवकर आली. घरात कुणी नाही असं समजून ती शेडमध्ये गेली, गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी उकिडवी बसली, आणि जमिनीवरून वर काचेकडे बघायला लागली. इथे होती ती. इथून मी तिला का दिसले नाही, आणि ती मला का दिसली नाही?

"सूनबाई, बेडकीने अंडी घातली का?"

आबा शेडच्या दारात उभे होते. आबा म्हणजे तिचे सासरे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, तरी गल्लीतली मुलं दुपारी त्यांच्या पायरीवर येऊन बसत आणि ते त्यांना काही ना काही दाखवत. पाण्यात सरळ पेन्सिल वाकडी का दिसते, सावली दुपारी आखूड का होते. घाई त्यांच्या स्वभावात नव्हती. एखाद्या मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर म्हणायचे, थांब, हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते आधी शोधू.

ती उठली, साडीची धूळ झटकली, आणि तिला एकदम रडू आलं. सगळं सांगून टाकलं. पिवळं हँडल, वीतभर अंतर, बस, शनिवार.

 तिचं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "त्याला का नाही सांगितलंस?"

"काय म्हणाला असता, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. मान हलव." आबांनी बेडकीच्या खांबावर बोट फिरवलं. "तू घाबरलीस हे वाईट झालं नाही. पण नुसतं घाबरून राहिलं तर भीती सगळीकडे पसरते, सांडलेल्या तेलासारखी. आपण आता मोजून घाबरू."

"म्हणजे?"

"म्हणजे खडू आण."

शाळा सुटल्यावर मुलं जमली. भिंगरी, आठ-नऊ वर्षांचे दोघे जुळे, आणि तिची स्वतःची लेक. लेकीला घरात खारूताई म्हणत, कारण ती खोडरबरापासून बिस्किटापर्यंत सगळं कुठेतरी साठवून ठेवी. आबांनी गाडी फाटकाशी, नेहमी वळते त्या कोनात आणून उभी करायला लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"आजचा खेळ लपाछपीचा," आबा म्हणाले. "पण नियम उलटा. लपायचं नाही, पळायचं नाही, वाकायचं नाही. उघड्यावर सरळ उभं राहायचं, आणि तरी काकूला दिसायचं नाही."

"असं कसं होईल?" मोठा जुळा म्हणाला. "ते तर जादू झाली."

"एक डोळा मीट. अंगठा डोळ्यासमोर धर. आता समोरचं झाड झाकून दाखव."

जुळ्याने अंगठा पुढेमागे केला. "झाकलं. सगळंच झाकलं."

"झाड केवढं, अंगठा केवढा?"

"पण अंगठा जवळ आहे ना."

"बस. एवढंच विज्ञान आहे," आबा म्हणाले. "काकूच्या डोळ्याजवळ एक अंगठा आहे. तो किती जागा झाकतो ते आपण आखणार."

ती नेहमीच्या जागी बसली. तिची उंची बेताची, त्यामुळे सीट पुढे ओढलेली, छाती स्टिअरिंगच्या जवळ. भिंगरीने पिवळी पोहण्याची टोपी घातली आणि फाटकासमोरून हळूहळू चालायला लागली. ती दिसते की नाही ते काकूने गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगायचं. दिसते, दिसते, दिसते.

"दिसत नाही."

"थांब, भिंगरे," आबा म्हणाले. खारूताईने भिंगरीच्या पायाशी खडूने फुली मारली. भिंगरी पुढे गेली. दिसत नाही. आणखी एक फुली. दिसत नाही. फुली. आणखी तीन पावलं टाकल्यावर टोपीची पिवळी कड खांबाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

मग भिंगरी लांब गेली, जवळ आली, तिरपी चालली. मुलांना हा खेळ फार आवडला. तिला खिडकीतून मुलांच्या हसण्याचे आवाज ऐकू येत होते, आणि दिसत होती ती रिकामी गल्ली. ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं. पण ती मोजणी सोडून उठली नाही.

आबांनी फुल्या जोडल्या. गाडीच्या कोपऱ्यापासून गल्लीच्या मध्यापर्यंत पसरत गेलेला एक लांबट पट्टा तयार झाला, गाडीपाशी अरुंद आणि पुढे रुंद.

"आता सगळे आत उभे राहा बरं."

चौघंही त्या पट्ट्यात उभी राहिली. वर भिंगरीची स्कूटरही मावली.

"काकू, आम्ही किती जण दिसतो?" धाकट्या जुळ्याने ओरडून विचारलं.

ती बघत होती. समोर फाटक होतं, भिंत होती, समोरच्या घराची खिडकी होती. "एकही नाही," ती म्हणाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"पण आबा," खारूताई म्हणाली, "भिंगरी तर त्या पट्ट्यातून चालून बाहेर आली. मग आईला नंतर दिसली ना."

"हे विचारलंस ते छान केलंस. आज गाडी उभी आहे. गाडी वळत असती तर?" आबांनी पुठ्ठ्याची एक पट्टी खारूताईच्या हातात उभी धरायला दिली. "भिंगरी चालेल. तू पट्टी डोळ्यासमोर धरून, भिंगरीच्या बरोबरीने वळत राहा."

भिंगरी चालली, खारूताई वळली. "दिसतच नाहीये," खारूताई म्हणाली. "ती चालते तशी पट्टीपण चालते."

गाडीत बसलेल्या तिला ते ऐकू आलं. त्या सकाळी असंच झालं होतं. भिंगरी पुढे जात होती, गाडी वळत होती, आणि खांब भिंगरीला सोडतच नव्हता. तिने दोन्हीकडे पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि लगेच परत भीती वाटली. कारण तिची चूक नव्हती, तर मग उद्याही हेच होणार होतं.

तेवढ्यात नवरा आला. आज एका इमारतीची लिफ्ट त्याने बंद करून टाकली होती म्हणून तो लवकर सुटला होता. दारात गाडी आडवी, जमिनीवर खडूच्या रेघा, रेघांत चार पोरं, आणि खिडकीतून बायकोचं डोकं.

"हे काय चाललंय?"

"काका, आम्ही दिसत नाही," भिंगरीने आनंदाने सांगितलं.

त्याने रेघांकडे पाहिलं, मग खांबाकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. "अच्छा. त्या बाईंचं परीक्षण. आबा, तुम्हीसुद्धा? गल्लीभर तमाशा करायची काही गरज होती का?"

"तमाशा नाही. प्रयोग," आबा म्हणाले.

ती गाडीतून उतरली. मुलांसमोर सांगावं की नाही याचा तिने क्षणभर विचार केला. "गेल्या आठवड्यात भिंगरी माझ्या गाडीखाली येता येता राहिली," ती हळू आवाजात म्हणाली. "ती याच पट्ट्यात होती."

नवऱ्याचा चेहरा उतरला. मग जे आधी तोंडात आलं तेच तो बोलला. "मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

त्याने हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"तुझ्या लिफ्टमध्ये कुणी म्हणालं की लिफ्ट हिसका देते, तर तू काय करतोस? त्याला गुडघे वाकवून उभा राहा म्हणतोस, की लिफ्ट बंद करतोस?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ती लिफ्ट माझी नसते," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने जरा दचकला. आबांनी खडू खिशात ठेवला आणि आकाशाकडे बघायला लागले, वर्गात एखादं मूल उत्तराच्या जवळ आलं की बघायचे तसे.

"बघतो मी," तो म्हणाला आणि गाडीत बसला. सीट मागे सरकवली, पाठ टेकली. "पोरांनो, उभे राहा. हं. दिसतात की. टोपी दिसते, दोन्ही जुळ्यांची डोकी दिसतात. खारू दिसते. चौघं दिसतात."

त्याच्या आवाजात सुटका होती, आणि थोडा विजयही. तिच्या मनात परत तेच आलं. म्हणजे मीच.

"तू कुणाच्या जागी बसला आहेस?" आबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"ताडासारखा वाढला आहेस. ती तुझ्या खांद्याला लागते. तिच्या जागी बसून बघ."

त्याने सीट पुढे ओढली. गुडघे स्टिअरिंगला लागले. डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायला त्याला पाठीचा कणा सोडून पोत्यासारखं खाली घसरावं लागलं. मुलं खो खो हसायला लागली. धाकटा जुळा म्हणाला, "काका पेटीत भरले."

नवरा हसला नाही. तो समोर बघत होता.

"भिंगरी कुठे गेली?"

"मी इथेच आहे, काका."

"कुठे?"

"इथेच. तुमच्या समोर."

"जरा हात वर कर."

"केलाय."

 मग त्याने हात पुढे करून काचेच्या कोपऱ्यातल्या पहिल्या स्टिकरला बोट लावलं. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. त्याच्या डोळ्यांना ती एरवी खूप खाली, बॉनेटजवळ दिसत. तिच्या डोळ्यांना ती बरोबर खांबाला खेटून, खांब जिथे काचेला मिळतो तिथे होती. खांब जेवढा जाड होता, तेवढीच जाडी तिन्ही स्टिकरांनी त्याला आणखी दिली होती. प्रत्येक मानाबरोबर थोडी.

"गरम पाणी आण गं, खारू," तो म्हणाला. "आणि जुनं फडकं."

पहिली दोन नखाने निघाली. तिसरं, मानेच्या उत्तराचं, सगळ्यात चिवट निघालं. अर्धं आलं, अर्धा कागद काचेलाच चिकटून राहिला. त्याने पाणी लावून लावून ते खरवडलं. 

मग आबांनी पुन्हा मोजणी घ्यायला लावली. ती आत बसली, भिंगरी चालली. नवा पट्टा पहिल्यापेक्षा पुष्कळ अरुंद आला. पण आला. एक मूल त्यात अजूनही मावत होतं.

"म्हणजे त्या बाई खरंच सांगत होत्या," नवरा म्हणाला.

"हो. आणि तूही खोटं बोलत नव्हतास," आबा म्हणाले. "तुला दिसत होतं. दोघांनी आपापल्या डोळ्यांपुरतं खरं लिहिलं. फरक एवढाच, की विकत घेतलेली वस्तू आणि पोटचं पोर यांच्याबद्दल दुसऱ्याचं ऐकून घेणं जड जातं." मग सुनेकडे वळून म्हणाले, "आता मात्र मान उपयोगाची आहे. पण नुसती इकडून तिकडे नाही. कमरेतून पुढे वाकायचं, मग मागे. डोळ्याची जागा बदलली की पट्ट्याची जागा बदलते. करून बघ."

तिने केलं. भिंगरी गेली, आली. गेली, आली.

त्या संध्याकाळी नवरा भिंगरीच्या घरी गेला आणि तिच्या आईवडिलांना सगळं सांगून आला. तो परत येईपर्यंत ती स्वयंपाकघरात उगाच भांडी पुसत राहिली. तो आला तो एवढंच म्हणाला, "शनिवारी पोरीला पाठवणार की नाही ते सांगतील. रागावले नाहीत. पण घाबरले."

मग त्याने दोन पट्ट्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बायकोच्या जागी बसून पाहिलं. ज्यांच्या घरी उंचीने कमी कुणी गाडी चालवतं त्यांनी बसून पाहा. स्टिकर कोपऱ्यातून काढा.' उत्तरं लगेच आली. वकील फितूर झाला. मान आखडली का साहेब? मासिकाने गाडी भरून मिठाई पाठवली वाटतं. एकाने नुसतंच विचारलं, 'मग विकताय का?' त्याने एकही उत्तर दिलं नाही. जेवताना फोन पालथा ठेवला होता, तरी तो थरथरला की त्याची नजर तिकडे जायची. एकदा त्याने फोन उलटला आणि तो तिच्याकडे सरकवला. कुणी अनोळखी बाई होती, ग्रुपवर न लिहिता थेट त्याला निरोप पाठवला होता. 'माझीही उंची कमी. मागच्या वर्षीपासून गाडी चालवणं सोडलं. मला वाटलं, मीच वेंधळी.'

तिने तो निरोप दोनदा वाचला आणि फोन परत दिला.

शुक्रवारी भिंगरीच्या आईचा निरोप आला. पाठवते. त्या एका शब्दाने तिची झोप उडाली.

शनिवारी सकाळी मुलं मागे बसली. जुळे गावाला गेलेले, म्हणून भिंगरी, खारूताई आणि शेजारच्या गल्लीतली भिंगरीची एक मैत्रीण, सीटबेल्ट लावून. तिघी बसल्या, आणि खिडकी कुणाला यावरून भांडल्याही. भिंगरीच्या डोक्यावर पिवळी टोपी होती.  तिने पुढे बसून आरसा नीट केला, किल्ली फिरवली, गाडी फाटकापर्यंत आणली आणि थांबवली.

गल्ली रिकामी होती. एका बाजूला, दुसऱ्या, पुन्हा पहिल्या.

"आई, बाबा कुठे गेले? आत्ता तर इथे होते," खारूताई म्हणाली.

ती कमरेतून पुढे वाकली. खांबाच्या कडेने आधी एक कोपर दिसलं, मग खांदा, मग अख्खा नवरा. तो खडूच्या पट्ट्याच्या मधोमध गुडघे वाकवून, भिंगरीएवढा होऊन बसला होता, डोक्यावर खारूताईची जुनी पोहण्याची टोपी घालून. तो हसत नव्हता. तिची नजर त्याच्या नजरेला भिडेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग उठला, बाजूला झाला आणि हाताने तिला रस्ता दिला.

तिने गाडी बाहेर काढली. गल्लीच्या टोकाला वळण होतं. ती पुन्हा थांबली, पुढे वाकली, मागे झाली. मागून एका मोटारवाल्याने हॉर्न वाजवला. ती पुन्हा एकदा पुढे वाकली.

"काकू, तुम्ही सारख्या डुलताय का?" भिंगरीने विचारलं.

"कुणी लपलंय का बघते."

"पण आम्ही तर सगळ्या गाडीत आहोत."

"तुम्ही आहात," ती म्हणाली. "बाकीची मुलं असतात ना."

भिंगरीने यावर विचार केला. मग सीटबेल्ट ताणून, टोपीसकट, तीही खिडकीकडे वाकून बघायला लागली.